नदीचे मासे, तळ्याचे मासे : परिसर आणि नामव्यवस्था

प्रास्ताविक

मागील घटकात आपण नातेवाचक शब्दांच्या आधारे भाषा आणि समाजरचना यांचा संबंध पाहिला. प्रस्तुत घटकात भाषा आणि निसर्गपरिसर यांचा संबंध पाहावयाचा आहे. त्यासाठी गोड्या पाण्यातील मासे हे उदाहरण निवडले आहे. भाषेच्या विद्यार्थ्याचा माशांशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे सविस्तर उत्तर घटकाच्या ओघात मिळेल. येथे एवढेच नमूद करतो की, माशांची नावे समजून घ्यावयाची तर मासा कोठे राहतो, काय खातो, अंडी कोठे घालतो हे आधी समजून घ्यावे लागते. आणि आपल्या नद्यांचे गेल्या दोनशे वर्षांत काय झाले हे सांगावयाचे तर ती नावे हाताशी असावी लागतात. नाव गेले की मासा गेल्याची नोंद करण्याचे साधनही जाते.

विवेचनासाठी मुख्यतः भीमा आणि तिच्या उपनद्या यांचा प्रदेश घेतला आहे. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, घोड, कुकडी या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून वाहणाऱ्या नद्या आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या आहेत. आवश्यक तेथे कोकण आणि विदर्भ येथील उदाहरणांचाही आधार घेतला आहे.

वाहते पाणी

माशाला पाणी लागते हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि तो सर्व पाण्यात सारखा नसतो. थंड पाण्यात तो अधिक मावतो, उष्ण पाण्यात कमी. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशाला हे प्रमाण सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येते. पाणी खडकांवर आपटत, फेसाळत वाहते तेव्हा हवेतील प्राणवायू त्यात सतत मिसळत राहतो. म्हणून घाटमाथ्यालगतच्या ओढ्यात प्राणवायूची टंचाई क्वचितच असते. तेथील प्रश्न निराळा असतो. तेथे माशाला प्रवाहात वाहून न जाता टिकून राहावे लागते.

या प्रश्नाला माशांच्या शरीरांनी दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. मल्या या नावाने ओळखला जाणारा लहानसा मासा आपल्या हनुवटीखालील चकतीसारख्या अवयवाने खडकाला चिकटून राहतो आणि त्याच खडकावरील शेवाळ खरवडून खातो. त्याचे तोंड पुढे नसून खालच्या बाजूस असते. ज्याचे अन्न पायाखाली आहे, त्याला समोर तोंड कशाला हवे? काही मासे छातीवरील घड्यांच्या साहाय्याने दगडाला धरून राहतात. काही दगडांच्या फटींत शिरतात. सापासारख्या लांब शरीराची वाम दिवसा कपारीत आणि गाळात दडून राहते व रात्री बाहेर पडते. एकाच नदीच्या शंभर हात लांबीच्या पट्ट्यात खळाळणाऱ्या उथळ पाण्यातील मासे वेगळे, संथ पाण्यातील वेगळे आणि डोहातील वेगळे असतात.

'डोह' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. कोशात त्याचा अर्थ 'नदीतील खोल जागा' असा मिळतो. तो चुकीचा नाही. परंतु दख्खनच्या नदीसंदर्भात तो फारच त्रोटक आहे. आपल्या नद्या पावसावर वाढणाऱ्या आहेत, बर्फावर नव्हेत. फाल्गुन-चैत्रापासून त्यांची धार बारीक होते, वैशाखात अनेक ठिकाणी ती तुटते, आणि नदी म्हणजे कोरड्या खडकांनी वेगळ्या केलेल्या डोहांची एक माळ उरते. त्या दोन-तीन महिन्यांत नदीतील सारे मोठे मासे या डोहांच्या आश्रयाला असतात. पावसाळ्यात नदी पुन्हा वाहू लागते तेव्हा वर आणि खाली पसरणारे मासे याच डोहांतून निघतात. डोह उन्हाळ्यात उपसला, सुरुंगाने किंवा विषाने मारला, तर पुढील वर्षी नदीला पाणी असते, मासे नसतात.

ही गोष्ट नदीकाठच्या समाजाला ठाऊक होती, असे मानण्यास आधार आहे. अनेक ठिकाणी डोहातील मासेमारी देवाच्या नावाने वर्ज्य केलेली आढळते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या सान्निध्यात महासीर जातीचे मोठे मासे आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी पकडत नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वर येथेही असेच मासे राखले गेले आहेत. ('कोंड' हा कोकणातील शब्द 'डोह' या शब्दाचा जवळचा सोबती होय.) अशा ठिकाणच्या माशांना लोक देवाचे मासे म्हणतात, कोशातील 'देवमासा' मात्र समुद्रातील आहे आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने तो मासाच नव्हे. श्रद्धेमागे परिसंस्थेचा विचार जाणीवपूर्वक होता की नव्हता, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. परिणाम एकच : अंडी देणारे मोठे मासे वाचले.

साचलेले पाणी

तळ्यातील जीवन वेगळ्या नियमांनी चालते. महाराष्ट्रात नैसर्गिक सरोवरे अगदी थोडी आहेत, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अशा लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात मासे नाहीत. आपण ज्यांना तळी म्हणतो ती बहुतेक माणसाने बांधलेली आहेत.

तळ्यातील प्राणवायू मुख्यतः पाणवनस्पती आणि सूक्ष्म शैवाल यांच्याकडून येतो. दिवसा सूर्यप्रकाशात ते प्राणवायू सोडतात. रात्री मात्र तेही इतर जीवांप्रमाणे तो वापरतात. म्हणून तळ्यातील प्राणवायू सायंकाळी भरपूर आणि पहाटे सर्वांत कमी असतो. सांडपाण्यामुळे शैवाल बेसुमार वाढलेल्या तळ्यात मासे भल्या पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, ते या कारणाने. त्यातच जलपर्णीने पृष्ठभाग झाकून टाकला की खाली प्रकाशही पोहोचत नाही. अशा पाण्यात मरळ टिकतो, कारण कल्ल्यांखेरीज हवेतून थेट श्वास घेण्याची सोय त्याच्या डोक्यात आहे. तो वनस्पतींच्या आडोशाने घरटे करतो आणि नर-मादी पिलांच्या थव्याची राखण करतात. वाहत्या पाण्यात हे शक्य नाही. प्रवाहातील मल्या आणि तळ्यातील मरळ यांची अदलाबदल केली तर दोघांचेही हाल होतील.

विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत अशी हजारो जुनी तळी आहेत. त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. येथील 'मामा' नात्यातला नव्हे. 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो बनला आहे. मालगुजारी संपल्यावर सरकारी कागदावरील 'माजी' हे विशेषण तलावाच्या नावात कायमचे जाऊन बसले. या तळ्यांवर ढिवर समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून आहे. अलीकडे काही गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी तळ्यांतील बेशरमाची झुडपे उपटून काढली, नांगरट करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यामागील तर्क वर सांगितलेला आहे तोच. वनस्पती म्हणजे लहान माशांचे घर, अंड्यांचा आधार आणि अन्नाची सुरुवात. केवळ मत्स्यबीज आणून ओतल्याने तळे सजीव होत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

चढण

नदी आणि साचलेले पाणी यांचा सर्वांत नाट्यमय संबंध मृगाच्या पावसात दिसतो. पहिल्या मोठ्या सरी कोसळून ओढे-नाले भरले की नदीतील अनेक जातींचे मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात; ओढ्यातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून भातखाचरात. दक्षिण कोकणात यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. रायगडच्या बाजूला याच घटनेसाठी 'वलगण' हा शब्द आहे. हे मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. पाण्याचे तापमान उतरणे, प्रवाह वाढणे, पाणी गढूळ होणे या खुणांनी त्यांची वाटचाल सुरू होते. नुकत्याच बुडालेल्या गवताळ जमिनीत सूक्ष्म जीवांची झपाट्याने वाढ होते आणि मोठ्या शिकारी माशांचा उपद्रव कमी असतो, म्हणून पिलांसाठी ती जागा उत्तम असते. पाऊस ओसरू लागला की पिले पाण्याबरोबर खाली उतरतात.

'चढण' हा शब्द किती नेमका आहे ते पाहा. त्यात ऋतू आहे, दिशा आहे आणि हेतूही गृहीत आहे. शास्त्रीय मराठीत आपण 'प्रजननार्थ ऊर्ध्वप्रवाही स्थलांतर' असा शब्दसमूह घडवला, तरी तो सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याकडून विचारले जाईल : म्हणजे चढणच ना?

या चढणीच्या वाटेतच आज अडथळे आहेत. सर्व बंधारे सारखे नसतात, हे येथे लक्षात घ्यावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळा संपताना घालतात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी काढतात. त्यामुळे चढणीच्या दिवसांत माशाला वाट मोकळी मिळू शकते. पक्क्या सिमेंटच्या भिंतीला मात्र बरगे नसतात. त्यातच मोरीच्या तोंडाशी जाळे लावून अंड्यांनी भरलेले मासे सरसकट पकडले जातात. चढणीचे मासे खाणे ही कोकणातील जुनी हौस आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण भातखाचरे पडीक आणि ओढे सिमेंटने बांधलेले असताना तीच हौस पूर्वीपेक्षा महाग पडते.

साइक्सची यादी

आता नावांकडे वळू. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी. १८२४ नंतर काही वर्षे त्याने दख्खनची सांख्यिकीय पाहणी केली आणि त्या ओघात पक्षी, प्राणी, मासे यांच्या नोंदी घेतल्या. भीमा आणि तिच्या उपनद्यांतील माशांविषयीचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडला गेला. त्याचा सारांश १८३९ मध्ये आणि संपूर्ण निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना साइक्सने काही ठिकाणी मित्रांची आणि विद्वानांची नावे वापरली. पण पुष्कळ ठिकाणी त्याने काठावरच्या मराठी माणसाच्या तोंडचे नाव तसेच उचलले. परिणामी मुल्या, खुद्री, कोलस, फुलंगी, गोगरा, सिंघाला, सिंगटी, नुक्ता ही नावे लॅटिनच्या पंक्तीत जाऊन बसली आणि आजतागायत जगभरच्या ग्रंथांत आहेत.

'पंक्तीत जाऊन बसली' असे म्हटले खरे, पण बसताना त्यांचा वेश बदलला. रोमन लिपीत 'ळ' नाही. महाप्राण व्यंजने लिहिण्यात हयगय झाली. ऱ्हस्व 'अ' साठी त्या काळचे इंग्रज बहुधा 'यू' हे अक्षर वापरीत. साइक्सच्या निबंधाच्या शीर्षकात 'दख्खन' हा शब्दही दोन 'यू' घालूनच लिहिलेला आहे. ही किल्ली लक्षात ठेवून यादी पुन्हा वाचावी. 'सिंघाला' म्हणजे बाजारात आजही मिळणारा शिंगाळा आणि 'सिंगटी' म्हणजे शिंगटी. दोन्ही नावे परांच्या पुढे असणाऱ्या कठीण काट्यावरून, शिंगावरून, आलेली आहेत. भक्षकाच्या घशात अडकणारा हा काटा म्हणजे बिनखवल्यांच्या या माशांचे चिलखतच. 'गोगरा' म्हणजे घोगरा. या गटातील अनेक मासे पाण्याबाहेर काढले की छातीच्या पराचा काटा सांध्यात घासून खरखरीत आवाज करतात.

'नुक्ता' हे नाव सर्वांत मनोरंजक आहे. उर्दूशी परिचय असलेल्या वाचकाला ते अक्षराखालच्या बिंदूचे नाव वाटेल. परंतु वरील किल्लीने वाचले तर शब्द निघतो 'नकटा'. या माशाच्या मुस्कटावर आडवी खोल खाच असते आणि तिच्या वर शिंगासारखा उंचवटा पुढे आलेला असतो. नाक कापल्यासारखा हा चेहरा एकदा पाहिला की नावाविषयी शंका राहत नाही. चोचीवर उंचवटा असणाऱ्या एका बदकालाही नकटा म्हणतात आणि इंग्रजीत तेही 'नुक्ता' असेच लिहिले गेले, हा आणखी एक पुरावा. इंद्रायणीकाठच्या कोणा अनाम माणसाने ठेवलेले हे टोपणनाव दीडशेहून अधिक वर्षे चुकीच्या उच्चाराने जगभर फिरत आहे. मासा स्वतः मात्र आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे.

'पोटेल' या नावाच्या एका माशाचे वर्णनही साइक्सने केले आहे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'पाटील' हा शब्द नेमका याच वर्णांनी लिहीत. त्यावरून हा मासा गावकऱ्यांच्या लेखी डोहाचा पाटील होता की काय, असा तर्क करता येतो. तो तर्कच आहे. परीक्षेत तो सिद्धांत म्हणून लिहू नये.

नावे बदलतात तेव्हा

साइक्सची यादी आज महत्त्वाची ठरते ती भूतकाळाचा पाया म्हणून. खुद्री हा महासीर कुळातील मोठा मासा त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाल्याचे नोंदवले आहे. आज त्या जागेचे पाणी पाहणाऱ्यास हे खरे वाटणार नाही. या माशाची अंडी जड असतात; ती तळाच्या स्वच्छ गोट्यांमध्ये बसतात आणि त्यांवरून प्राणवायूयुक्त पाणी वाहत राहावे लागते. वाळू उपसली, गाळ आणि मैला साचला की अंडी गुदमरतात. मोठा मासा काही वर्षे दिसत राहतो, पण तो शेवटच्या पिढीचा असतो.

धरणाने होणारा बदल याहून व्यापक आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि मैलोगणती नदीचे तळे झाले. तळ्यात डोह, उथळ, धार हे भेद पुसले जातात. त्या भेदांवर जगणारे मासे मागे हटतात. रिकाम्या झालेल्या जागेत मत्स्योत्पादनासाठी गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू आणि मृगळ सोडले जातात. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. एकाच तळ्यात तिघांची स्पर्धा कमी होते, म्हणून ही योजना यशस्वी ठरली. परंतु हे तिघे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचा प्रवाह लागतो. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हापासून यांचे बीज केंद्रांत तयार होऊ लागले आणि दरवर्षी विकत आणून सोडता येऊ लागले.

जो मासा असे बीज मागत नाही तो चिलापी. हा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तिला ना गोटे लागतात ना पूर; साचलेल्या, कमी प्रतीच्या पाण्यातही तो वर्षातून अनेकदा वाढतो. उजनीच्या काठी आज हे नाव पोराटोरांच्या तोंडी आहे. 'तिलापिया'चे 'चिलापी' होताना 'इ'च्या शेजाराने 'त'चा 'च' झालेला दिसतो; तालव्यीकरणाचे हे घरचेच उदाहरण. मूळ 'तिलापिया' हे नाव १८४० मध्ये अँड्र्यू स्मिथ याने दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेतील 'मासा' या अर्थाच्या शब्दावरून घडवले. म्हणजे साइक्स भीमेकाठची नावे लॅटिनमध्ये नेत होता त्याच सुमारास स्मिथ त्स्वानातून एक शब्द नेत होता. आणि आज त्स्वानाचा शब्द भीमेकाठी नांदतो आहे, तर भीमेचे शब्द बहुतांशी ग्रंथांत उरले आहेत. चिलापीने गरीब मच्छीमाराला हाताला काम आणि ताटात मासा दिला, हे नाकारता येणार नाही. पण तो आला म्हणजे नदीचे मासे परत आले, असा हिशेब सरकारी उत्पादनाच्या आकड्यांत नकळत होतो. टनांत मोजले की नकटा आणि चिलापी यांत फरक उरत नाही.

देशी मासा वाचवण्याचा प्रयत्नही नावाकडे दुर्लक्ष केल्यास अंगाशी येतो. लोणावळ्याच्या टाटांच्या धरणक्षेत्रात गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून महासीरचे कृत्रिम प्रजनन होऊ लागले. हे काम मोलाचे होते. परंतु तेथील खुद्रीची पिले, 'महासीर' या एका नावाखाली, पार कावेरीतही सोडली गेली. कावेरीला स्वतःचा मोठा, पाठीला उंचवटा असणारा महासीर होता. आलेला खुद्री तेथे फोफावला आणि मूळचा घटत गेला. २०१८ मध्ये त्या मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला होता. मुळा-मुठेत परका झालेला मासा कावेरीत उपरा झाला. देशी कोणास म्हणावे याचे उत्तर देशाच्या नकाशावर नसून नदीच्या खोऱ्यात आहे.

क्षेत्रकार्य

आपल्या गावाजवळील नदी, ओढा किंवा तळे निवडा. तेथे मासेमारी करणाऱ्या, शक्यतो साठी ओलांडलेल्या व्यक्तीस भेटा आणि पुढील माहिती तिच्याच शब्दांत लिहून घ्या : माशाचे नाव, तो पाण्याच्या कोणत्या भागात मिळे, कोणत्या महिन्यात मिळे, आणि शेवटचा केव्हा पाहिला. पुस्तकातील नाव आधी सुचवू नये. नाव उच्चारले जाईल तसे देवनागरीत उतरवा. मुल्या, कोलस, फुलंगी या तीन नावांकडे विशेष लक्ष असू द्या. यांत मूळचा 'ल' आहे की 'ळ', आणि पहिला स्वर 'उ' आहे की 'अ', हे साइक्सच्या रोमन लेखनावरून ठरवता येत नाही. मल्या की मळ्या, फुलंगी की फळंगी, याचा निर्णय आता केवळ ऐकूनच होऊ शकतो, आणि ऐकवू शकणारी माणसे थोडी आहेत.